जागती डबी

खंडेनवमीच्या सकाळी सारिका बुगडनं आपले डोळे काढून पाटावर ठेवले.

पाटावर आधीच तिची आकडी होती, कात्री होती, सासऱ्यांच्या वेळची फणी होती. त्यांच्या शेजारी तिनं कमरेची काळी डबी सोडून ठेवली, मागचं झाकण सरकवून बॅटरी काढली आणि चाचपडत कुंकवाचा करंडा शोधू लागली.

"आई!" श्रावणी स्वयंपाकघरातून धावत आली. "बॅटरी काढलीस? पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, बॅटरी कधीही काढू नये."

"पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी खंडेनवमी नसंल. अख्ख्या गावातले माग आज गप आहेत. हिलाच तेवढी राबवू व्हय?"

"इतकी वर्षं नुसतं वरून कुंकू लावायचीस ना?"

"इतकी वर्षं ही मरायला टेकली नव्हती. ही शेवटची खंडेनवमी असंल हिची. एक दिवस तरी नीट पडू दे." सारिकानं अंगठ्यानं चाचपून डबीवर कुंकू टेकवलं. "आणि माझा हात धर. पलंगाचा कोपरा कुठं गेला?"

इचलकरंजीत त्या दिवशी खरंच एकही माग चालत नाही. हत्याराला हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. सारिकाचं हत्यार म्हणजे तिची नजर. तिच्या माहेरी डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार होता. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजरेच्या कडा विझत येतात आणि शेवटी मधला उजेडही जातो. सारिकाचा तो चाळिशीच्या आत गेला. तिच्या थोरल्या बहिणीचा, शैलाअक्काचा, त्याच्याही आधी. मग मिरजेजवळ एक मोठं शिबिर भरलं आणि दोघींच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर पापुद्र्यासारखी पातळ जाळी बसवण्यात आली. चष्म्यातला कॅमेरा समोरचं टिपतो. कमरेची डबी, म्हणजे खरं तर एक लहानसा आणि फार वेगवान संगणक, त्या चित्राचे जाळीला समजतील असे बारीक विजेचे ठोके बनवते. जाळी ते ठोके मेंदूकडे जाणाऱ्या शिरेला देते. जग करड्या रंगात दिसतं, पण सुताची तार न् तार वेगळी कळावी इतकं स्वच्छ.

त्या डबीला आयुष्य ठरवून दिलेलं होतं. रोज सकाळी ती शिल्लक सांगायची. गेल्या वर्षभरात तो आकडा ऐकल्याशिवाय सारिकाला चहा गोड लागत नव्हता आणि ऐकल्यावर तर नाहीच नाही. खंडेनवमीच्या सकाळी डबी म्हणाली होती, "आयुष्य शिल्लक, दोन टक्के." शून्य झाल्यावर ती कायमची बंद होणार. सुरक्षेसाठी, असं कंपनी म्हणायची.

तो दिवस आणि ती रात्र सारिकानं अंधारात काढली. किती वेळा हात कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला. दसऱ्याच्या सकाळी श्रावणीनं बॅटरी बसवली. डबी थोडा वेळ गप्प राहिली.

"परवानगी घेत आहे," ती म्हणाली. मग, "परवानगी मिळाली." करडा उजेड पसरला. भिंत, खुंटी, लेकीचं तोंड. आणि मग डबी म्हणाली, "आयुष्य शिल्लक, चार टक्के."

श्रावणीनं डबी कानाशी नेली.

"चुकून बोलली असंल," सारिका म्हणाली. पण तिचा हात चपलांकडे गेला होता.

*

मगदूम सरांनी सारिकाला सातवीत शास्त्र शिकवलं होतं. आता ते सत्तरीच्या पुढे होते आणि नगरपालिकेच्या शाळेतली एक खोली त्यांच्या ताब्यात होती. कचेऱ्यांनी, बँकांनी, कॉलेजांनी टाकून दिलेले संगणक तिथं येत. सर आणि मुलं ते पुसून, भाग अदलाबदल करून, हलकी प्रणाली घालून चालते करत. दारावर मुलांनी खडूनं लिहिलं होतं : 'इथे कोणी म्हातारं नाही, फक्त दमलेले आहेत.'

सरांनी डबी हातात घेतली, वायर लावली, पडद्यावर आकडे उमटू दिले आणि बराच वेळ हुंकार भरत बसले.

"सर, काहीतरी बोला. माझा जीव टांगलाय."

"बोलतो. हे मैदान बघ." सरांनी खिडकीबाहेर बोट केलं. तिथं एक पोरगी वर्तुळात पळत होती. "समज, तिला सांगितलं, गोल पळत राहा. ताजी असताना भराभर फेऱ्या मारेल. दमली की फेऱ्या कमी होतील. फेऱ्यांवरून मला कळेल ती किती दमलीय. डबीच्या चिपमध्ये असंच एक रिंगण आहे. त्यात एक इशारा सतत फिरतो. फेऱ्या मंदावल्या की डबी म्हणते, माझं वय झालं."

"म्हणजे वय झालंच की."

"तीच तर मेख आहे. चिपमध्ये अब्जावधी दारं असतात. वीज सोडायची, अडवायची, एवढंच त्यांचं काम. दारावर विजेचा दाब सतत राहिला की विजेचे कण चौकटीत अडकून बसतात आणि दार जड होतं. फिरणारा इशारा मंदावतो तो त्यामुळं. पण दाब पूर्ण काढून घेतला, म्हणजे अगदी पूर्ण, तर त्यातले बरेच कण आपोआप सुटतात. दार पुन्हा हलकं होतं. सगळे कण सुटत नाहीत, पण बरेच सुटतात. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे."

"पण मी रोज रात्री हिला बंद करून चार्जिंगला लावते."

"तुला वाटतं ती बंद आहे. आतून ती जागीच असते. रात्रभर कंपनीशी बोलत असते, पूर्ण दाबावर. पुस्तिकेत म्हणून लिहिलंय, बॅटरी काढू नका." सरांनी चष्मा पुसला. "तिला कुणी कधी झोपूच दिलं नाही, सारिका. त्या सुट्टीच्या दिवशी ती पहिल्यांदा झोपली."

सारिका उठून उभी राहिली, पुन्हा बसली. "मग रोज रात्री बॅटरी काढली तर?"

"काढून बघ. मात्र एक ध्यानात ठेव. असं परत मिळालेलं आयुष्य उथळ असतं. रोज झोप मिळाली तर टिकेल. सलग जागवलंस तर भराभर उतरेल."

ती रोज रात्री बॅटरी काढू लागली. दिवाळी संपता संपता डबी सात टक्के म्हणाली. शेजारपाजारच्यांना तिनं उगाचच चकल्या वाटल्या.

*

कंपनीचा निरोप दिवाळीनंतर आला. श्रावणीनं तो दोनदा वाचला. या जातीच्या डब्यांची सेवा डिसेंबरअखेर बंद होत आहे. डब्या त्यांचं आयुष्य संपेपर्यंत चालू राहतील. मात्र बंद केल्यास पुन्हा सुरू होणार नाहीत, कारण परवानगी देणारी यंत्रणा काढून घेण्यात येत आहे.

सारिकानं स्वतः फोन लावला.

"नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू शकतो?"

"एक जानेवारीनंतर बॅटरी काढली तर मी आंधळी होणार. बरोबर?"

"मॅडम, बॅटरी काढूच नये असं आमचं सुचवणं आहे."

"नाही काढली तर वय संपून बंद पडंल. तेव्हापण आंधळीच."

"त्यासाठी आमचं नवं मॉडेल आहे मॅडम. अगदी रंगीत दिसतं."

"जुन्या जाळीवर बसतं का ते?"

"जाळीही नवी लागेल मॅडम. छोटीशी शस्त्रक्रिया."

शिबिरातल्या डॉक्टरांना तिनं आधीच विचारलं होतं. ते म्हणाले होते, पडदा आता कागदासारखा झालाय, जुनी जाळी सोलून काढताना तो राहील याची खात्री कुणी देऊ नये.

"भाऊ, तुमच्या घरी म्हातारं माणूस आहे का?"

"आहे की मॅडम, आजी आहे."

"तिला रात्री झोपू देता ना? तेवढं करा," असं म्हणून सारिकानं फोन ठेवला आणि घरातून मागच्या दारी, मागच्या दारातून पुढच्या दारी अशा येरझाऱ्या घालू लागली. झोपवली तर उठणार नाही. जागवली तर मरणार. दोन्ही बाजूंनी भिंत.

सरांकडे ती त्याच पावली गेली. सर म्हणाले, "परवानगीचं कुलूप फार पक्कं आहे. माझी पोरं प्रयत्न करतील, पण त्याला वर्षं जातील. मला एक सांग, ही डबी पहिल्यांदा कुठं सुरू केली?"

"शिबिरात. माळावर तंबू टाकले होते."

"तिथं नेट होतं?"

"नावाला नव्हतं. डॉक्टर सारखे चिडत होते." आणि बोलता बोलता सारिका थबकली. तिला पट्टी सुटतानाचा तो क्षण आठवला. "सर, अक्काची डबी आधी लावली. मग डॉक्टर म्हणाले, दोघी चिकटून बसा. तिची डबी माझ्या डबीला टेकवली आणि माझी सुरू झाली."

सर खुर्चीतून पुढं झुकले. "पूर्वी सकाळी चुलीत विस्तव नसला तर बायका शेजारणीकडून निखारा आणायच्या. तसंच आहे हे. नेट नसेल, कंपनी सापडली नाही, तर डबी शेजारच्या जाग्या डबीकडून परवानगी घेते. म्हणजे एक जागी असेपर्यंत दुसरी झोपू शकते. मग हिनं तिला उठवायचं आणि आपण झोपायचं. विस्तव कधी विझू द्यायचा नाही, एवढंच."

"आणि विझला तर?"

"तर दोन्ही घरं गार." सरांनी तिच्याकडे पाहिलं. "शैला कुठं असते आता?"

"इथंच, शेजारी कबनूरला." सारिकानं पदर उगाच सारखा केला. "आमचं बोलणं नाही, सर."

*

वहिफणी हे दोघींनी करायचं काम. मागावर बीम, म्हणजे उभ्या तारांचा रूळ, चढण्याआधी त्याची प्रत्येक तार वहीच्या, म्हणजे तारा वरखाली उचलणाऱ्या पट्टीच्या, बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घ्यावी लागते. चौकटीच्या एका बाजूला बसलेली तार देते, दुसऱ्या बाजूची आकडीनं ओढते. शैलाअक्का ओढायची, सारिका द्यायची. नजर विझत गेली तशी दोघी बोटांच्या अंदाजानं काम करू लागल्या. वह्यांचा क्रम चुकू नये म्हणून अक्का तो मोठ्यानं म्हणायची आणि सारिका त्याला जोड द्यायची. "एक, तीन." "दोन, चार." दिवसभर तेच. कारखान्यातले लोक हसायचे. पण त्यांच्या बीममध्ये चूक नसायची.

मग नजर परत आली. वर्षभरात सारिकाला मोठ्या कारखान्यात वहिफणीच्या स्वयंचलित यंत्रावर देखरेखीचं काम मिळालं आणि ती उठली. चौकटीची दुसरी बाजू रिकामी झाली. अक्का तेव्हा एकच वाक्य बोलली होती, "आंधळी होतीस तोवर बहीण होतीस." त्यानंतर लग्नकार्यातही दोघी एकमेकींच्या पंगतीला बसल्या नाहीत.

कबनूरच्या घराचं दार उघडंच होतं. आत शैलाअक्का भिंतीला टेकून, डोळे घट्ट मिटून बसली होती. कमरेला डबी.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे गाव आहे का?"

"सारिका, अक्का."

मिटलेले डोळे उघडले नाहीत. "वाट चुकलीस काय? देखरेख करायला इथं यंत्र नाही."

"डोळे का मिटलेस?"

"एक टक्का उरलाय. मिटून बसलं की तेवढाच जास्त पुरंल. जेवताना उघडते."

डोळे मिटल्यानं डबीला काडीची विश्रांती नव्हती. चष्मा बघत होता, डबी राबत होती, वय उतरत होतं. अक्का फुकट अंधारात बसली होती.

तिनं खाली बसून सगळं सांगितलं. दारं, कण, झोप, निखारा. अक्का ऐकत होती. मधेच म्हणाली, "मगदूम मास्तर अजून पोरांना पळवतोय का मैदानात?"

"तू आत्ता झोपव तुझी," सारिका म्हणाली. "संक्रांतीपर्यंत सलग पडू दे. एक जानेवारीपासून मी माझी जागी ठेवते. मग माझ्या डबीवरून तुझी उठवू. त्यानंतर पाळी. दिवसा एकीनं बघायचं, रात्री दुसरीनं. आठवड्यानं बदलायचं."

"मागासारखं."

"मागासारखंच."

"म्हणजे माझे डोळे मी बंद करायचे आणि किल्ली तुझ्या कमरेला." अक्कानं पहिल्यांदा डोळे उघडले. बहिणीच्या तोंडावर ते फिरले. केस, कपाळ, हनुवटी. "मधेच कुठं बरी नोकरी लागली तर?"

सारिकानं डबीला कंपनी सापडू नये म्हणून फोनचा डेटा बंद केला, आपल्या डबीची बॅटरी काढली आणि काळोखात ती अक्कापुढं धरली. "टेकव तुझी. आधी मीच आंधळी होते. तू उठवलीस तर उठेन."

सारिकाला वाटलं, आता ही उठून आत जाईल. तसं झालं तर त्यात चूक काय? मग कमरेला काहीतरी टेकलं, बॅटरी बसल्याचा बारीक आवाज झाला.

"शेजारी जागी डबी सापडली," तिची डबी म्हणाली. "परवानगी मिळाली."

करड्या उजेडात समोर अक्का होती. ती आपल्या डबीचं झाकण सरकवत होती. "नोकरीचं विचारलं त्याचं उत्तर दिलं नाहीस," ती म्हणाली आणि बॅटरी काढली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. "राहू दे. चहा टाक. डबा वरच्या फळीवर आहे, तुला दिसतंय."

*

कंपनीची यंत्रणा ठरल्या दिवशी गेली. कुणाला काही कळलंही नाही. शहरात त्या दिवशीही माग चालतच होते.

सारिकाची डबी आता बंद करता येत नव्हती. सर म्हणाले होते तसंच झालं. उथळ आयुष्य उतरू लागलं. सात, सहा, चार. ती रात्री उघड्या डोळ्यांनी पडून राहायची आणि सकाळच्या आवाजाची वाट बघायची. सरांचा हिशेब होता की संक्रांतीला तीन तरी उरतील. भोगीच्या दिवशीच डबी म्हणाली, "दोन टक्के." संक्रांतीच्या दुपारी, न विचारता, "एक टक्का." त्यानंतर तिनं एक नवीनच वाक्य सुरू केलं. "कृपया सुरक्षित जागी बसा."

"आत्ताच उठवायची अक्काला," सारिका म्हणाली. "श्रावणी, स्कूटर काढ. तिला इकडं घेऊन ये. मी जागची हलत नाही, डबीला ताण नको."

श्रावणीचा फोन आला तेव्हा ऊन कलून गेलं होतं. "आई, मावशी घरात नाही. शेजारच्या काकू म्हणतात, मघाशीच काठी घेऊन निघाली. त्यांनी थांबा म्हटलं तर मावशी म्हणाली, मी काय पार्सल आहे का कुणी उचलून न्यायला? फोन पण इथंच टाकलाय."

सारिका उठून उभी राहिली. पहिला विचार आला तो फार वाईट होता. गेली. मला शिकवायला गेली. माझी विझेपर्यंत कुठंतरी बसून राहील आणि मग म्हणेल, कळलं का बाजू रिकामी झाल्यावर कसं वाटतं. पण मग तिचीही विझेल की. मान कापून घेऊन कुणी सूड घेतं का? पण अक्का... अक्काचं काही सांगता येत नाही.

तेवढ्यात वीज गेली.

दिवा गेला म्हणून तिला ते कळलं नाही. कळलं ते कानाला. खट-खट, खट-खट, जन्मापासून ऐकलेला तो आवाज सगळीकडून एकदम थांबला. गल्ली मुकी झाली. आणि त्या शांततेत सारिकाला सगळं लख्ख समजलं.

कबनूरहून इकडची वाट अक्का पायानं चालत नव्हती, कानानं चालत होती. अमक्याचे जुने माग डाव्या हाताला, तमक्याचे नवे उजव्या हाताला, मग सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगची घरघर, मग वळण. नजर नव्हती तेव्हा दोघी अशाच चालायच्या. माग थांबले म्हणजे तिच्यापुरती वाटच पुसली गेली. ती कुठंतरी मधल्या बोळात उभी होती.

सारिका चपला न घालताच निघाली.

"कृपया सुरक्षित जागी बसा," डबी म्हणाली.

"गप गं."

संधिप्रकाश झपाट्यानं उतरत होता. सगळ्या गल्ल्यांची तोंडं सारखीच दिसत होती. श्रावणी कोपऱ्यावर भेटली, स्कूटरचा हॉर्न वाजवत होती.

"हॉर्न बंद कर! तिला त्यातलं काय कळणार, कोण वाजवतंय ते?" सारिकानं श्वास घेतला. 'अक्का' अशी हाक मारली तर या गावात पन्नास बायका ओ देतील. तिनं तोंडाजवळ हात धरले आणि ओरडली, "दोन, चार!"

गॅलरीतून कुणीतरी वाकून बघितलं.

"दोन, चार!" ती पुढच्या बोळात शिरली. डबी थकत चालली तशा नजरेच्या कडा आत येऊ लागल्या होत्या, अगदी पहिल्या वेळेसारख्या. आधी भिंती गेल्या, मग पायाखालची फरशी. मधला एक गोल तेवढा उरला. "दोन, चार! दोन, चार!"

आणि डावीकडून, बंद कारखान्याच्या पत्र्याआडून, वैतागलेला आवाज आला, "पहिलं मी म्हणायचं असतं! एक, तीन!"

सारिका आवाजावर धावली. एका बाजूला श्रावणीनं धरलं होतं, दुसऱ्या हातानं ती पत्रा चाचपत होती. अक्का गटाराच्या कठड्यावर बसली होती, काठी आडवी, बॅटरी रुमालाच्या गाठीत.

"गाठ सोड, अक्का. लवकर."

"सुटत नाही. संक्रांतीचा तिळगूळ पण त्यातच बांधलाय."

"आई, मी सोडते," श्रावणी म्हणाली.

"नको, दात लागतात त्याला." अक्कानं गाठ दातात धरली. खडखडत दोन लाडू खाली पडले. बॅटरी तिच्या मुठीत होती. सारिकानं आपली डबी तिच्या डबीला टेकवली. तिला आता समोर फक्त एक अंगठा दिसत होता, तोही धूसर. तो अंगठा झाकण सरकवत होता.

डबी गप्प.

"शेजारी जागी डबी सापडली," अक्काची डबी म्हणाली. "परवानगी मिळाली. आयुष्य शिल्लक, पाच टक्के."

अक्कानं मान वर केली. सारिकाला तिच्या तोंडाचा मधला तुकडा दिसला. दोन डोळे आणि नाकाचा शेंडा. ते डोळे हिच्याकडे बघत होते. एवढ्यापुरत्या दोघी एकदम जाग्या होत्या.

"अनवाणी आलीस," अक्का म्हणाली.

"दिसतंय का?"

"दिसतंय. पायाला लागलंय. आता काढ बॅटरी, शून्य होऊ देऊ नको."

सारिकाचा हात झाकणावर गेला आणि तिथंच थांबला. या क्षणापासून किल्ली अक्काच्या कमरेला होती.

"काढ म्हणते ना," अक्का म्हणाली. "बदली आल्याशिवाय माग सोडून जाणारी मी नव्हे. ती सवय तुझी."

सारिका हसली आणि बॅटरी काढली.

अंधार झाला. त्यात एक हात आला, खरखरीत बोटांचा, तार ओढून ओढून घट्टे पडलेला. त्यानं तिच्या तळव्यावर अर्धा लाडू ठेवला. दुसरा अर्धा श्रावणीला दिला असावा, कारण तिचं तोंड भरलेलं ऐकू येत होतं. कुठंतरी वीज आली. आधी एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी आळी.

"चल," अक्का म्हणाली. "रात्रपाळी माझी. सकाळी उठवते. डावीकडे खड्डा आहे, पाय उचल."

सारिकानं पाय उचलला.